पाणी, जंगल आणि वीज कोणाच्या मालकीची? महाराष्ट्रातील समाजवादी आणि डाव्या पक्षांना खानदेशातून खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील समाजवादी, साम्यवादी आणि शेतकरी-कामगारांच्या पक्षांचे सर्व सन्माननीय पदाधिकारी

साथी आणि कॉम्रेडहो,

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महिलांना दरमहा किती रक्कम द्यावी यावरून जी चढाओढ झाली, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये आधीच सुरू झाले होते. सत्ताधाऱ्यांनी २१०० देऊ असे सांगितले, आणि आपल्यापैकी बहुतेक जण ज्या आघाडीच्या पाठीशी उभे होते, तिने ३००० चे वचन दिले. या रकमेला माझा विरोध नाही. आमच्या शेतात निंदणी-खुरपणीला येणाऱ्या बाया त्या पैशातून गॅसची टाकी घेतात, मुलांच्या वह्या घेतात, आणि किरकोळ खर्चासाठी घरात कोणापुढे हात पसरावा लागत नाही याचे समाधान त्यांच्या बोलण्यातून कळते. ते हलके लेखण्याचा मला अधिकार नाही. मला अस्वस्थ करते ती गोष्ट वेगळी आहे. मी ऐकलेल्या एकाही सभेत पाणी कोणाचे, जंगलावर निर्णय कोणाचा, आणि आमच्या माळांवर उभ्या राहणाऱ्या सौर व पवन प्रकल्पांचा मालक कोण, हा प्रश्न आपल्यापैकी कोणीही काढला नाही. जे पक्ष हाच प्रश्न विचारण्यासाठी स्थापन झाले, त्यांनीच तो सोडून दिला, तर तो विचारणारे दुसरे कोण उरते? हे पत्र त्यासाठी आहे, आणि आपल्याबरोबरच खानदेशातील मतदारांनीही ते वाचावे म्हणून मी ते जाहीरपणे लिहीत आहे.

मी साक्री तालुक्यातील शेतकरी आणि निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. वडील राष्ट्र सेवा दलाचे सैनिक होते, आणि समाजवादी पक्षाला पडणाऱ्या आमच्या गावातील मोजक्या मतांत आमच्या घराची मते नेहमी असत. म्हणून हे पत्र घरातल्या माणसाने लिहिले आहे असे समजावे.

खानदेशाला हा विचार नवा नाही. काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या फैजपूरला झाले, आणि पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या त्या अधिवेशनाने शेतसारा, कुळांचे हक्क आणि शेतमजुरांची मजुरी यांचा समावेश असलेला शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. ते अधिवेशन यशस्वी व्हावे म्हणून साने गुरुजी गावोगाव हिंडले. पुढे १९७२ मध्ये शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली, आणि अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या आदिवासी कार्यकर्त्यांनी गेलेल्या जमिनी आणि मजुरी यांसाठी लढा दिला. मतपेटी, कायदा, कर आणि संघटना या मार्गांनी समाज बदलता येतो हा सामाजिक लोकशाहीचा मूळ विश्वास आमच्या मातीत चांगला मुरलेला आहे. प्रश्न असा आहे की हा मार्ग किती खोलवर जाऊ शकतो. सत्तेची आणि निसर्गाशी असलेल्या नात्याची घडीच तो बदलू शकतो का, की फक्त तीच घडी थोडी सुसह्य करतो?

या प्रश्नावर युरोपातील समाजवाद्यांमध्ये शंभर वर्षांपूर्वीच फूट पडली. एदुआर्द बर्नस्टाइन यांचे म्हणणे असे होते की सुधारणांच्या एकेका पावलानेच समाजवादाकडे जाता येईल. रोझा लक्झेंबर्ग यांनी बजावले की सुधारणाच ध्येय होऊन बसल्या, तर वाटच दुसरीकडे वळते. मला स्वतःला क्रांतीच्या हाकेचे आकर्षण नाही, कारण ज्या देशांत ती झाली तेथे नद्या आणि माणसे दोन्ही सुरक्षित राहिली असे दिसत नाही. अरल समुद्र आटला तो नियोजित अर्थव्यवस्थेत, कापसासाठी वळवलेल्या पाण्यामुळे. पण लक्झेंबर्ग यांचा इशारा मात्र मी आज आपल्या जाहीरनाम्यांत खरा होताना पाहतो.

सामाजिक लोकशाहीने खोलवरचा बदल कधी घडवला, याचे उत्तम उदाहरण शोधायला आपल्याला स्टॉकहोमला जाण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या या योजनेसाठी शहरांतील पगारदार आणि व्यावसायिकांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क झाला. शहराने खेड्यासाठी कर द्यायचा, खेड्यातील मजुराने तो मेहेरबानी म्हणून न घेता हक्काने घ्यायचा, आणि त्या श्रमातून पाझर तलाव, नालाबांध आणि बांधबंदिस्ती उभी राहायची, अशी ती रचना होती. त्यात भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रके भरली गेली, हे मान्य. तरीही मजुराचे पोट आणि जमिनीची धूप हे दोन्ही प्रश्न एकाच कायद्यात हाताळण्याचे धाडस त्या वेळी याच राज्याने केले, आणि २००५ च्या देशव्यापी कायद्यामागे हाच अनुभव होता. गावोगाव मोर्चे काढून हा कायदा राबवून घेणारे आपणच होता. मग जाहीरनाम्यात आज तो एका ओळीपुरता का उरला आहे?

दुसरे उदाहरण माझ्या घराजवळचे आहे. आमची वडिलोपार्जित जमीन पांझरेकाठच्या फडात आहे. वाचकांपैकी ज्यांना फडपद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदीवर दगडी बंधारा असतो, त्यातून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या होतात, आणि सगळे पाणी चढ-उतार पाहून आपोआप वाहते. उपसा कुठेच नाही. भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड पाडलेले असतात. एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे, एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात ज्वारी, आणि पाणी कमी असेल तर एखादा फड कोरडा ठेवायचा. बहुतेक खातेदारांचा तुकडा प्रत्येक फडात असल्यामुळे कोरड्या फडाचा तोटा सगळ्यांना सारखा बसतो, आणि पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे त्याला शेवटच्या शेतकऱ्याचे पाणी अडवून काहीच मिळत नाही. पाणी वाटण्याचे काम पाटकऱ्याचे, राखणीचे जागल्याचे. वडिलांचे भरणे अर्धे राहिलेले असताना बारी (पाण्याची पाळी) संपली म्हणून पाटकऱ्याने दार बंद केलेले मी लहानपणी पाहिले आहे. पुढच्या बारीला त्याने गावच्या पुढाऱ्याचेही दार तसेच बंद केले आणि त्यावर कोणी आवाज चढवला नाही. पांझरा आणि मोसम या नद्यांवर ही पद्धत तीन-चारशे वर्षे चालली. समता या रचनेत भाषणातून येत नव्हती; जमीन आणि पाणी यांच्या मांडणीतच ती बसवलेली होती.

ही पद्धत निर्दोष नव्हती. भूमिहीनाला तिच्यात हिस्सा नव्हता, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरवून वर्षभर राबणाऱ्या सालदाराचा त्या पाण्यावर कसलाही हक्क नव्हता. पाण्याच्या बैठकीत बाईला जागा नव्हती. समाजवाद्यांनी या पद्धतीला हात घालून तिच्यातील समता सालदारापर्यंत आणि बायांपर्यंत न्यायला हवी होती. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून नेमके तेच करून दाखवले: पाणी जमिनीच्या एकरांवर न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर द्यायचे, आणि भूमिहीनालाही द्यायचे. आमच्याकडे मात्र वरच्या अंगाला धरणे झाली, खाली ज्याच्याकडे पैसा त्याने विहिरी आणि मोटारी केल्या, आणि फड मोडत गेले. त्या काळात आपल्या पक्षांनी धरणांसाठी आंदोलने केली आणि उसाच्या भावासाठीही केली. पाणीवाटपाची जी व्यवस्था हाताशी होती ती वाचवण्यासाठी केल्याचे मला आठवत नाही.

आता माझ्या तक्रारी मांडतो.

पहिली तक्रार अशी की आपण वाटपाचे राजकारण स्वीकारले आणि मालकीचा प्रश्न सोडला. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे, शिवाजीनगरला सौर प्रकल्प आहे, आणि अलीकडे एकामागून एक माळ कुंपणात जात आहेत. सूर्य आणि वारा यांपासून वीज व्हावी हे मला मनापासून हवे आहे. भुसावळजवळच्या दीपनगरच्या कोळशावरील वीज केंद्राची राख ज्यांनी अंगावर घेतली आहे त्यांना ते अधिकच हवे असेल. पण आमच्या गावाशेजारच्या माळावर एका कंपनीने तारेचे कुंपण घातले तेव्हा ग्रामसभेत तो विषय वाचूनही दाखवला गेला नाही. पिढ्यान्पिढ्या त्या माळावरून मेंढ्या घेऊन जाणाऱ्या ठेलारी मेंढपाळांची वाट बंद झाली. त्यांनी विचारायचे कोणाला, हेही त्यांना कोणी सांगितले नाही. गावातल्या चार-सहा तरुणांना पहारेकऱ्याची आणि पॅनेल धुण्याची नोकरी मिळाली, वीज बाहेर गेली आणि नफाही बाहेर गेला. दोंडाईचाजवळच्या वीज प्रकल्पात जमीन गेलेल्या विखरणच्या वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मोबदल्यासाठी खेटे घालून अखेर मंत्रालयात विष घेतले आणि ते दगावले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या समुद्रात २००० साली मिडेलग्रुंडेन येथे २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यांतील निम्म्या हजारो सामान्य नागरिकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या. वारा तिकडे वाहतो तसाच आमच्याकडेही वाहतो. सहकाराची जन्मभूमी म्हणवणाऱ्या या राज्यात पवनचक्कीची सहकारी संस्था हा विचार आपल्यापैकी कोणी गांभीर्याने मांडला आहे का?

सहकार म्हटला की आमच्या भागातले लोक हसतात, हे मला ठाऊक आहे, आणि त्याचे कारणही आहे. बंद पडलेल्या एका साखर कारखान्यात आमच्याही घरचा शेअर अडकलेला आहे. सभासदांच्या नावावर उभी राहिलेली संस्था संचालकांच्या घराण्यांची झाली, आणि कापूस एकाधिकार खरेदी योजनेसारखी राज्याची मोठी योजनाही तोट्यात जाऊन गुंडाळली गेली. यातून मालकीचा प्रश्न सोडून द्यावा हा धडा घ्यायचा, की सामूहिक मालकीवर सभासदांचा खरा ताबा कसा राहील याचे नियम घट्ट करायचे, हे आपण ठरवायला हवे होते. आपण पहिला, सोपा धडा घेतला.

दुसरी तक्रार भूजलाची आहे. रावेर आणि यावलच्या केळीपट्ट्यात कूपनलिका शेकडो फूट खोल गेल्या आहेत. ठिबक आले, पण वाचलेले पाणी नदीला किंवा जमिनीला परत न जाता वाढीव बागेला गेले. महाराष्ट्रात २००९ चा भूजल अधिनियम आहे. अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा घालण्याची त्यात तरतूद आहे. ती अमलात आणा अशी मागणी करणारा मोर्चा मी पाहिलेला नाही. उलट २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्याचा निर्णय झाला तेव्हा आपण त्याला विरोध केला नाही, कारण मोफत म्हटल्यावर विरोध कसा करायचा? मे २०२५ मध्ये तापी खोऱ्यातील मेगा रिचार्ज प्रकल्पासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी मुरवण्याची ही कल्पना आम्हाला अनेक वर्षांपासून हवी होती. पण उपशाचा नियम आधी ठरला नाही, तर सरकारी पैशातून मुरवलेले पाणी ज्याची कूपनलिका सर्वांत खोल त्याच्याच बागेत जाईल. सालदाराच्या वस्तीवरचा हातपंप तेव्हाही कोरडाच असेल.

तिसरी तक्रार नंदुरबारच्या बाबतीत आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ आदिवासी गावे बाधित झाली. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यानुसार या प्रकल्पाच्या विजेतील २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. बुडीत एका जिल्ह्याच्या डोंगरातील लोकांनी सोसायचे आणि वीज साऱ्या राज्याने वापरायची, हा हिशेब सार्वजनिक हिताच्या नावाने मांडला गेला, आणि आपल्यापैकी अनेकांनी नर्मदा बचाव आंदोलनाच्या बाजूने उभे राहून तो मोडण्याचा प्रयत्न केला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु त्यानंतर २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा सामूहिक वनहक्काची मान्यता आणि त्या जंगलाच्या व्यवस्थापनाची उभारणी हे काम पक्ष म्हणून आपण किती केले? साक्री तालुक्यातील बारीपाड्याने आपले जंगल राखून दाखवले, आणि त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. ते काम संघपरिवारातील वनवासी कल्याण आश्रमाच्या परंपरेतून झाले आहे. त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही. आपल्या परंपरेतून अशी दहा गावे का उभी राहिली नाहीत, हा प्रश्न मात्र उरतो.

या सर्व तक्रारींच्या मुळाशी मला एकच उणीव दिसते, आणि ती फक्त आपली नाही. सामाजिक लोकशाहीने जगभर एक सौदा केला: भांडवल वाढू द्यायचे, आणि वाढीतून कर घेऊन शाळा, दवाखाने आणि पेन्शन द्यायची. ब्रिटनमध्ये १९४८ ची राष्ट्रीय आरोग्य सेवा या विचारातून आली, आणि तिचे मोल मी मानतो. पण वाढ थांबली किंवा जमीन-पाण्याच्या मर्यादेला भिडली की हा सौदा डळमळतो. स्वीडनच्या कामगार महासंघाने १९७६ मध्ये रुडॉल्फ माइडनर यांची योजना स्वीकारली होती, ज्यात कंपन्यांच्या नफ्याचा काही भाग दरवर्षी शेअरच्या रूपाने कामगारांच्या निधीत जमा होऊन हळूहळू मालकीच बदलणार होती. महासंघाशी जोडलेल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्याच सरकारने १९८३ मध्ये ती पातळ करून कायद्यात आणली आणि १९९१ नंतरच्या सरकारने ती मोडीत काढली. मालकीच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन तो पक्ष मागे फिरला. नॉर्वेने उलट केले. तेलावर राज्याची पकड ठेवली, जबर कर लावला, १९९० च्या कायद्याने निधी उभारला आणि ती संपत्ती पुढच्या पिढ्यांसाठी राखली. वाटपाच्या दृष्टीने याहून न्याय्य व्यवस्था शोधणे कठीण आहे. तरीही ते तेल दुसऱ्या देशांत जळतेच, आणि त्याचा धूर आमच्या अवकाळी पावसापासून वेगळा काढता येत नाही. म्हणजे मालकी सार्वजनिक झाली तरी काय काढायचे, किती काढायचे आणि कधी थांबायचे हा निर्णय जोवर लोकांच्या हाती येत नाही, तोवर पर्यावरणाचा प्रश्न सुटत नाही. पाणी कमी असेल त्या वर्षी एक फड कोरडा ठेवायचा, हा निर्णय आमच्या पूर्वजांनी मिळून घेतला होता. आपल्या राजकारणात तो निर्णय घेणारी जागाच नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते की पायाशी सामाजिक लोकशाही असल्याशिवाय राजकीय लोकशाही टिकणार नाही, आणि स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तिची तीन तत्त्वे एकमेकांपासून अलग करता येणार नाहीत. मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, हा विचार त्यांनी त्याआधीच मांडला होता. त्यांचा हा आग्रह मी गांभीर्याने घेतो, आणि म्हणून या पत्राच्या प्रश्नाला माझे उत्तर होय असेच आहे: सामाजिक लोकशाही खोलवरचा बदल घडवू शकते, परंतु ती मालकीला आणि निर्णयाला हात घालील तेव्हाच. रोजगार हमीच्या वेळी तिने तसा हात घातला होता. ३००० रुपयांच्या वचनात तो घातलेला नाही.

आपल्याकडे माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

एक, खानदेशातील प्रत्येक सौर आणि पवन प्रकल्पासाठी ग्रामसभेची लेखी संमती बंधनकारक करण्याची मागणी आपण आपल्या जाहीरनाम्यात घ्यावी, आणि त्या प्रकल्पाच्या भांडवलात गावच्या सहकारी संस्थेचा किमान चौथा हिस्सा असावा असा कायदा विधिमंडळात मांडावा. चराईच्या वाटा आणि गायरान त्या मोजणीत आधी नोंदवले जावे. अशा संस्थेत एकाच घरातील दोन व्यक्ती संचालक होऊ नयेत, हा नियमही त्याच कायद्यात असावा.

दोन, मेगा रिचार्जचे काम सुरू होण्याआधी रावेर, यावल आणि लगतच्या तालुक्यांत भूजल अधिनियम लागू करण्यासाठी आपण आंदोलन करावे, त्यात बागायतदारांचा रोष पत्करावा लागला तरी. मुरवलेल्या पाण्यात भूमिहीन कुटुंबाचा हिस्सा कागदावर लिहून घ्यावा.

तीन, राज्याचा रोजगार हमी कायदा मृद्-जलसंधारण, वनीकरण आणि फडांच्या पाट-बंधाऱ्यांच्या दुरुस्तीसाठी पुन्हा जोरकसपणे राबवला जावा, मजुरी किमान वेतनाएवढी असावी, आणि कामे कोणती हे ग्रामसभेने ठरवावे.

चार, नंदुरबारमधील सामूहिक वनहक्काच्या प्रलंबित दाव्यांची गाववार यादी आपल्या कार्यकर्त्यांनी तयार करून प्रसिद्ध करावी, आणि दर तीन महिन्यांनी तिचा आढावा जाहीर करावा. यासाठी सत्तेत असण्याची गरज नाही.

पाच, दीपनगर येथील कंत्राटी कामगारांसाठी आजच आराखडा मागावा. कोळशाचे जुने संच बंद पडतात तेव्हा कायम कामगारांची बदली होते आणि कंत्राटी कामगार घरी बसतो. जर्मनीने २०२० मध्ये कोळसा थांबवण्याचा कायदा केला तेव्हा कोळसापट्ट्यांतील प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोंची तरतूद सोबतच केली होती. आपल्याकडे कोळशाला विरोध करणारे आणि कामगारांची बाजू घेणारे एका व्यासपीठावर येत नाहीत. ते आपण आणू शकता, कारण दोन्हीकडचे लोक आपल्यातच आहेत.

सहा, येत्या कोणत्याही निवडणुकीच्या जाहीरनाम्याआधी आपल्या संयुक्त बैठकीची एक फेरी धडगाव, साक्री आणि रावेर येथे व्हावी, आणि तीत आदिवासी, ठेलारी, शेतमजूर स्त्रिया आणि सालदार यांचे म्हणणे आधी ऐकून मग मसुदा लिहावा.

या सहा मागण्यांपैकी कोणती मान्य, कोणती अमान्य आणि का, याचे लेखी उत्तर आपण तीन महिन्यांत जाहीररीत्या द्यावे, ही विनंती. उत्तर मिळाल्यास ते मी आमच्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवीन. न मिळाल्यास, उत्तर आले नाही असे त्याच ग्रामसभेत सांगेन.

आपला,
पांझराकाठचा एक शेतकरी,
तालुका साक्री, जिल्हा धुळे